लॉबीतली कालेहुआ

आमच्या हॉटेलात मुलं आली की आधी त्यांच्या हातात एक पुस्तिका देतात. तिच्यात चोवीस वस्तूंची चित्रं आहेत आणि त्या चोवीसही हॉटेलभर लपवून ठेवल्या आहेत. लिफ्टवरच्या तुळईत कोरलेली पाल, पोहण्याच्या तलावाच्या फरशीत बसवलेला हाडाचा गळ, जेवणघराच्या छतातलं घुबड, पडद्याच्या नक्षीत उलटं छापलेलं एकच पान. पोरं दोन दिवस धावतात, आईबाप मागून धावतात, सगळं सापडलं की एक शिक्का मिळतो आणि शिक्का दाखवला की बर्फाचा गोळा. मी एकोणीस वर्षं तिथल्या खोल्या आवरल्या, चादरी बदलल्या, फरशा पुसल्या. त्या चोवीस जागा मी झोपेतसुद्धा दाखवीन. हॉटेलचं नाव मात्र घेणार नाही, उगाच त्यांची जाहिरात कशाला.

पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर एक होडी आहे. चाळीस फूट लांब, कोआ नावाच्या झाडाच्या एकाच खोडातून कोरलेली, लॉबीच्या छताला टांगलेली. 'होडीच्या अंगावर किती मासे आहेत ते मोजा,' असं खाली लिहिलंय. उत्तर शेवटच्या पानावर उलट्या अक्षरांत छापलंय: बारा. हे उत्तर खोटं आहे. मासे सात होते, आणि ते सात का होते हे ज्याला माहीत होतं त्या माणसाची ही हकिगत आहे.

एबन नालुआही हे आमच्या बेटावरच्या कवाईहाए गावचे, आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहायचे. आमच्याकडे वयानं मोठा दिसला की तो काका आणि बाई दिसली की काकू, रक्ताचं नातं असो नसो. म्हणून ते एबनकाका आणि त्यांची बायको हॅटीकाकू. काका खांद्यांनी रुंद आणि पायांनी काटकुळे होते. बोलणं मोजकं, आणि जे बोलायचे ते बहुतेक चुका काढणारं. होडीच्या शर्यतीत ते शेवटच्या जागेवर, सुकाणूला बसत, आणि पुढच्या पाच जणांपैकी कुणाचं वल्हं अर्धा क्षण मागे पडलं तरी सगळ्या खाडीला ऐकू जाईल असा उद्धार करत. मला त्यांनीच वल्हवायला शिकवलं. पहिल्या उन्हाळ्यात मी दर संध्याकाळी रडत घरी जायचे. हॅटीकाकू सगळ्यांत पुढे बसायची, लय धरायला. काकांच्या शिव्यांना भीक न घालणारी पूर्ण किनाऱ्यावर ती एकटीच.

होडीचं नाव कालेहुआ. काकांच्या आजोबांनी ती कोना गावाच्या वरच्या रानातलं खोड आणून कोरली होती. कोआच्या लाकडाला भेग गेली की आमच्याकडे ती नुसती बुजवत नाहीत. भेगेवर आडवी, माशाच्या शेपटीसारखी खाच पाडतात आणि तिच्यात त्याच आकाराचा लाकडाचा तुकडा ठोकून बसवतात. मग भेग तिथून पुढे सरकत नाही. असं ठिगळ, आमच्या बोलण्यात मासा, लपवायचं नसतं. कालेहुआच्या अंगावर अशी सात ठिगळं होती. दोन आजोबांच्या हातची. एक ती हिलोला जाताना ट्रकवरून घसरली तेव्हाचं, तीन माहुकोनाच्या खडकांची, आणि एक लग्नाच्या दिवशीचं. त्या दिवशी हॅटीकाकूनं हट्ट धरला की आज सुकाणू मी धरणार, आणि होडी सरळ प्रवाळावर चढवली. काका म्हणायचे, त्या दिवशीच शहाणं व्हायला हवं होतं मी, पण भटजी आधीच पैसे घेऊन बसला होता. भटजी म्हणजे आमचा चर्चचा म्हातारा पाद्री, काकूसमोर काका त्याला काय काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांना मूल झालं नाही. कालेहुआ हीच लेक असं दोघं म्हणायची, आणि ते लाडानं म्हटलेलं नव्हतं. शर्यतीला निघण्याआधी काकू तिच्याशी बोलायची, गुरुवारच्या गुरुवारी तिला कुकुईच्या बियांचं तेल चोळायची, दुसऱ्या कुणी तिच्या अंगावर पाय टाकलेला दिसला तर त्याचा पाय मोडायला उठायची.

मग कालेहुआला वाळवी लागली. ती जिथे ठेवायचे त्या वल्हवण्याच्या क्लबच्या शेडचं छप्पर एका वादळात गेलं होतं, नवं घालायला वर्ष गेलं, आणि तेवढ्यात वाळवीनं मागच्या टोकापर्यंत मजल मारली. काकांनी किडलेला भाग काढून टाकला, पण झोप उडाली ती उडालीच. त्याच वर्षी हॉटेल नुकतंच सुरू झालं होतं. काका तिथे बागेत कामाला लागले होते. नारळाच्या झाडांवर चढून नारळ उतरवायचे, पाहुण्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून. उतरवलेले नारळ फेकून द्यायचा नियम होता. काका ते घरी आणत, त्याबद्दल त्यांना दोनदा समज मिळाली होती. मीही तिथेच लागून सहा महिने झाले होते.

हॉटेलनं एक सांस्कृतिक सल्लागार नेमला होता, लोपाका नावाचा. आमच्यातलाच, पण ओआहू बेटावरच्या कॉलेजात शिकलेला. भाषा आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचा. तो एके दिवशी काकांच्या घरी आला आणि म्हणाला, लॉबीसाठी खरी होडी हवी आहे, भिंतीतून गार हवा येते, वाळवी नाही, ऊन नाही, रोज हजार लोक बघतील. काकांनी आठ दिवस विचार केला. मग त्यांनी आणि काकूनं ठरवलं की लेक हानाईला द्यायची.

हानाई म्हणजे दत्तक नव्हे. आमच्याकडे पहिलं मूल आजी-आजोबांना नाहीतर भावा-बहिणीला वाढवायला देतात. कोर्ट नाही, कागद नाही. दिलं ते दिलं. परत मागणाऱ्या आईला लोक नावं ठेवतात. पण आई कधीही भेटायला येते, आणि घरात कुणी गेलं तर मूल घरी येतंच येतं. काका स्वतः हानाईतले. ते आजोबांकडे वाढले, आणि त्यांची आई दर रविवारी सुके मासे घेऊन त्यांना बघायला यायची, दहा मैल चालत.

होडी द्यायच्या समारंभाच्या आदल्या दिवशी हॉटेलकडून चार पानांचा कागद आला. काकांचा चष्मा बागेत कुठे तरी पडला होता. त्यांनी तो कागद मला दिला, कारण मी बारावी झालेली. फोटोवाला बाहेर थांबला होता, लोपाका घड्याळ बघत होता. मी वाचला. होडी कायमची हॉटेलची, कुटुंबाचा तिच्यावर कसलाही हक्क उरणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हानाईत तरी कुठे हक्क उरतो? आणि आईनं भेटायला यावं, मयताला मूल घरी यावं, हे आजवर कोणत्या हानाईत कुणी लिहून घेतलंय? लिहून मागणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. ते लिहिलेलं नव्हतं, आणि ते नाही हे मला दिसलंच नाही. काकांनी विचारलं, "ठीक आहे ना गं?"

मी म्हटलं, "ठीक आहे काका. करा सही."

दुसऱ्या दिवशी दोनशे लोकांसमोर काका आमच्या भाषेत बोलले. ही आमची लेक आहे, वाढवायला तुमच्याकडे देतो, आम्ही हाक मारली की ती येईल. एवढंच. लोपाकानं माइकवर त्याचं इंग्रजी केलं: नालुआही कुटुंबाकडून ही अमूल्य भेट. मला दोन्ही भाषा येतात, दोन्ही वाक्यं मी ऐकली. पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगितलं असेल असं मला वाटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात मीही होते.

पहिली दोन वर्षं बरी गेली. हॅटीकाकू गुरुवारी तेलाची बाटली घेऊन यायची, माळी लोक शिडी लावून द्यायचे, ती वर चढून कालेहुआला तेल लावायची आणि खालच्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला गावातल्या बातम्या सांगायची. मग मॅनेजर बदलला. एका पाहुण्याच्या पांढऱ्या पँटवर तेलाचा थेंब पडला. तेल बंद झालं. होडीला चकचकीत लाखेचा थर दिला, प्लॅस्टिकसारखा, कायमचा. काकूनं खाली उभं राहून वर बघितलं आणि म्हणाली, आता ही घामसुद्धा गाळू शकणार नाही. त्यानंतरही ती गुरुवारी येत राहिली, रिकाम्या हातानं. तिला मागच्या दारानं यायला सांगितलं होतं.

काकांचा गुडघा गेला तेव्हा त्यांना बागेतून लॉबीत आणलं. फुलाफुलांचा शर्ट घालून दहा ते दोन होडीखाली बसायचं आणि मुलांना होडीची गोष्ट सांगायची. रागीट माणूस, पण मुलांशी बरा वागायचा. ट्रक, खडक, लग्नाचा दिवस, सातही ठिगळांची गोष्ट तो त्यांना सांगे, आणि मुलं बोटानं मोजत.

मग समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरून सजावटीची माणसं आली. त्यांनी पाहणी केली होती म्हणे. चौदाव्या पानावर येईपर्यंत मुलं कंटाळतात, आणि कोआवर कोआचंच ठिगळ असल्यामुळे मासे खालून नीट दिसत नाहीत. आठवडाभर होडीभोवती पडदे लावले. काकांना सांगितलं, रंगाचं काम आहे. पडदे निघाले तेव्हा काका खाली उभे राहिले आणि त्यांनी मोजले. बारा. पाच नवे होते, फिकट लाकडाचे, छान ठसठशीत, मशीननं कापलेले.

काकांनी लोपाकाला तिथेच थांबवलं. "भेग कुठे आहे?"

"कसली भेग काका?"

"ठिगळ लावलंस ना? मग भेग दाखव."

लोपाका हसला आणि म्हणाला, मुलांना मजा येते, त्यात काय बिघडलं.  पण दुसऱ्या दिवशी एका मुलीनं विचारलं तर काकांनी सात सांगितलं. तिला शिक्का मिळाला नाही, तिच्या आईनं तक्रार केली. असं तीनदा झालं. मग काकांना आत बोलावून समज दिली की उत्तर बारा आहे, आणि ते सांगायचं नसेल तर दुसरा कुणी सांगेल.

त्या वर्षी हॅटीकाकूची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा वाइमेआच्या दवाखान्यात मशीनवर जावं लागायचं, आणि त्याचा खर्च काकांच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या विम्यातून व्हायचा. काका बारा सांगायला लागले. लहान पोरांसमोर, हसऱ्या तोंडानं, दिवसाला चाळीस वेळा. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसा तो लोपाका मला एकदा म्हणाला की काकांच्या सांगण्यात हल्ली पूर्वीसारखी जान राहिली नाही. मी हातातला ओला पोछा त्याच्या बुटांवरून नेला आणि माफी मागितली. तेवढंच माझ्या हातात होतं.

काकू मात्र या बाराची थट्टा करायची. काका घरी आले की विचारायची, "आज किती?"

"बारा."

"वा. म्हातारपणी पाच नातवंडं झाली की आपल्याला."

काका जेवणावरून उठून जायचे. मग तीच त्यांच्या मागे भाताचं ताट घेऊन अंगणात जायची. मी कुंपणापलीकडून बघायचे. पायांना सूज आलेली बाई, हातात ताट, आणि तिच्याकडे पाठ करून बसलेला तो दगड.

शेवटच्या महिन्यात ती अंथरुणालाच होती. मी एका दुपारी तिचे केस विंचरत होते, काका दारात बसून वल्ह्याला काचकागद घासत होते. ती एकदम म्हणाली, "एबन, मला समुद्रात सोडायला कालेहुआतून न्यायचं. त्या क्लबच्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या टबातून नेलंस तर याद राख."

"नेईन," काका म्हणाले. मान वर केली नाही.

"कुणाला विचारायला लागेल का?"

"कशाला विचारायचं? घरचं मयत आहे."

 चार पानं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. बोलायला हवं होतं. मी तिचे केस विंचरत राहिले, गुंता नव्हता तिथेसुद्धा.

ती गेली. तिची राख काकांनी स्वतः बनवलेल्या कोआच्या पेटीत आली, आणि ती पेटी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, काका होडी कधी न्यायची ते ठरवायला हॉटेलात गेले. हॉटेलनं आधीच पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ घरी पाठवला होता. सगळे गोड बोलले. लोपाकानं त्यांना मिठी मारली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. होडी ही आता कलाकृती आहे, विम्याच्या अटींमुळे ती पाण्यात नेता येत नाही. त्याऐवजी कुटुंबाला लॉबीत, होडीखाली, सकाळी सहा ते सात प्रार्थना करता येईल. कॉफी आणि फोटो हॉटेलकडून.

काका परत लोपाकाकडे गेले, या वेळी मलाही नेलं. त्याच्या खोलीत भिंतीवर आमच्या भाषेतल्या म्हणी चौकटींत लावल्या होत्या. काकांचा आवाज चढला नाही, तेच मला जड गेलं.

"मी तिला परत मागत नाहीये," काका म्हणाले. "आई गेली आहे. लेकीला एका सकाळपुरतं घरी पाठवा म्हणतोय. तुला मी हानाई म्हणजे काय ते शिकवू?"

"मला माहीत आहे काका. पण कागदात हानाई हा शब्द नाही."

"तू आईला भेटायला जातोस तेव्हा कागद घेऊन जातोस का?"

 लोपाकानं टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला, जणू मीच दुभाषी. शेवटच्या पानावर काकांची सही होती, तिच्या खाली साक्षीदार म्हणून माझी. ती केल्याचंही मी विसरून गेले होते. काकांनी ती बघितली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, काका, चूक माझी आहे, मी वाचलं होतं. ते म्हणाले, मी वाचलं असतं तरी सहीच केली असती. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. ते तसलं कधी म्हणत नसत. पण मला ते आजही पचत नाही. चुकले ती मी, आणि शिक्षा झाली ती दुसऱ्याच कुणाला.

क्लबमधल्या पोरापोरींना कळलं तेव्हा त्यांनी कुणाची परवानगी काढली नाही. एका शनिवारी, पाहुणे निघायच्या वेळेला, चाळीस जण क्लबचे शर्ट घालून लॉबीत आले आणि वल्ही उभी धरून होडीखाली उभे राहिले. घोषणा नाही, गाणं नाही. त्यांतले निम्मे त्याच हॉटेलात नोकरीला होते. मी चादरींची गाडी तशीच सोडली आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिले. पाहुण्यांना वाटलं हा पण कार्यक्रमाचा भाग आहे, ते फोटो काढायला लागले. दीड तासानं मॅनेजर बाहेर आला आणि म्हणाला, होडी न्या, मंगळवारी, सकाळी सहा ते अकरा.

त्या मंगळवारी सगळं कवाईहाए लॉबीसमोरच्या हिरवळीवर होतं. साखळ्या सैल केल्या, कालेहुआ हळूहळू खाली आली. चौदा वर्षांनी. बायकांनी रडायला सुरुवात केली होती, कुणी तरी तिच्या टोकाला माळ घातली. काकांनी पेटी माझ्याकडे दिली आणि माणसांना सांगितलं, कमरेइतकी आली की थांबवा. ती साखळ्यांवर तशीच लटकत राहिली. समुद्राच्या बाजूनं लख्ख उजेड होता. काका गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं खाली बसले, मग पाठीवर झोपले आणि सरकत तिच्या खाली गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग त्यांनी मला हाक मारली.

मी पेटी पोटाशी धरून आत वाकले. जुन्या सात माशांतून काही दिसत नव्हतं, नखाएवढीही फट नव्हती. नव्या पाचांच्या कडांतून उजेड येत होता. मशीननं आरपार कापलं होतं, चिकटवून बसवलं होतं, गार हवेत लाकूड आकसलं आणि तुकडे सुटले. जिथे भेग नव्हती तिथे खाच पाडली, म्हणून भेग तिथूनच निघाली होती. एका खोट्या माशाच्या शेपटीतून निघून दुसऱ्याच्या तोंडात गेलेली, हातभर लांब, वरून तपकिरी पुट्टीनं लिंपलेली. काकांनी अंगठ्यानं पुट्टी दाबली, ती पापुद्र्यासारखी गळून त्यांच्या छातीवर पडली.

ते बाहेर आले. पोरांनी विचारलं, निघायचं ना? मी काकांच्या कानाशी म्हटलं, टेप लावू, पाणी उपसत राहू, प्रवाळापर्यंतच तर जायचंय. काकांनी मान हलवली. पाण्यात घातली की लाट पहिल्यांदा उचलेल तेव्हाच उभी चिरेल, ते हळूच म्हणाले.

"मग चिरू दे," मी म्हटलं. मला आवरलं नाही. "बुडू दे काका. दोघी एकत्र जाऊ देत. इथे काय ठेवलंय तिच्यासाठी?"

त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं वल्हं चुकल्यावरसुद्धा कधी बघितलं नव्हतं. "लेकीला बुडवून आईला पोचवू?"

मग ते साखळीवाल्यांकडे वळले आणि म्हणाले, "वर घ्या."

पोरं चिडली. चिडणारच. एक जण तोंडावर म्हणाला, काका, आम्ही नोकऱ्या पणाला लावल्या, आणि तुम्ही अर्ध्या तासात माघार घेता? काकांनी भेगेचं त्याला सांगितलं नाही, आणि मलाही सांगायला बंदी केली. लोपाकाच्या जिवात जीव आला, त्यानं धावत जाऊन काकांना पाण्याची बाटली आणून दिली. पुढच्याच महिन्यात लॉबीत पितळेची नवी पाटी लागली: कुटुंबाच्या इच्छेनुसार ही होडी इथेच जतन करण्यात आली आहे. आणि ते खोटं आहे असं कुणाला म्हणता येईना. दोनशे लोकांनी काकांना वर घ्या म्हणताना ऐकलं होतं.

पेटी माझ्या हातात तशीच होती. नऊ वाजले होते. काका माझ्या जुन्या गाडीत बसले आणि बंदरावर चल म्हणाले. क्लबच्या शेडमध्ये पिवळी होडी ठोकळ्यांवर ठेवलेली होती, आदल्या रविवारच्या सरावाची वाळू अजून तिच्यात होती. आमच्यामागून फक्त तिघं आले, ज्यांचा काकांवरचा राग सगळ्यांत आधी उतरला ते. आम्ही मिळून ती पाण्यात ओढली. काका सुकाणूला बसले, पेटी दोन्ही गुडघ्यांमध्ये. मी त्यांच्या लगेच पुढे. लय धरणारी पहिली जागा आम्ही रिकामी ठेवली, म्हणून सुरुवातीला आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती.  चुकांबद्दल काका गप्प बसले, हे मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रवाळ मागे पडलं, पाणी गडद झालं, तशी त्यांनी थांबा म्हटलं. आम्ही वल्ही मांडीवर आडवी घेतली. पेटीचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग काका बोलले, आमच्या भाषेत, घरातल्या घरात बोलावं तितक्या हळू.

"हॅटी, पोचलो बघ. कालेहुआतूनच आणलंय तुला."

माझे दोन्ही हात त्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या काठावर होते. पुढच्या तिघांनी ऐकलं, पण कुणी मागे वळून पाहिलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात काका तिच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. बोलले असते तर तिनं तिथल्या तिथे पकडलं असतं.